स्पीक आणि पीबीआय यांच्या मिश्र पटलात वाहकता इतकी का घसरते?

पटलार्थी (प्रश्न)

नमस्कार. मी इंधनघटासाठी (फ्युएल सेल) प्रोटॉनवाहक पटले (मेंब्रेन) तयार करण्याच्या कामात आहे. नॅफिऑन या प्रचलित फ्लोरीनयुक्त पटलाऐवजी फ्लोरीनविरहित पॉलिमर वापरून ८० अंश सेल्सिअसला हायड्रोजनवर चालणारा घट उभा करायचा, हा उद्देश आहे. त्यासाठी पीक (पॉलिइथर इथर कीटोन) हे पॉलिमर संहत सल्फ्युरिक आम्लात खोलीच्या तापमानाला विरघळवून त्याचे सल्फोनेशन केले, म्हणजे त्याच्या साखळीवर सल्फॉनिक आम्लगट बसवले. हाती आलेल्या पदार्थात, ज्याला आम्ही सगळे ‘स्पीक’ म्हणतो, साधारण ६० टक्के पुनरावर्ती घटकांवर सल्फॉनिक गट आहेत. त्याचे नुसते पटल खोलीच्या तापमानाला उत्तम दिसते, वाहकताही समाधानकारक मिळते. पण ८० अंशांच्या पाण्यात रात्रभर ठेवले की सकाळी ते फुगून लिबलिबीत झालेले असते आणि चिमट्याने उचलताना फाटते.

माझ्या मार्गदर्शकांनी सुचवले की त्यात थोडे पॉलिबेंझिमिडाझोल, म्हणजे पीबीआय, मिसळावे. आम्ल आणि क्षार एकमेकांना धरून ठेवतील आणि फुगणे आटोक्यात येईल. सल्ला पटला, परंतु दोन अडचणी आल्या. पहिली अशी की डायमिथाइल अ‍ॅसिटामाइडमधील दोन्ही स्वच्छ द्रावणे एकत्र ओतताक्षणी पिवळट गाठी तयार होतात आणि कितीही ढवळले तरी विरघळत नाहीत. दुसरी अशी की अतिशय विरल द्रावणे थेंबाथेंबाने मिसळून वजनाने १० टक्के पीबीआय असलेले एक पटल कसेबसे जमवले. ते फुगत नाही हे खरे, पण त्याची वाहकता नुसत्या स्पीकच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शावर आली. दहा टक्के मिसळण्याने एवढी घसरण व्हावी, हे मला समजलेले नाही. माझी पद्धत चुकते आहे, की मिश्रणाचा मार्गच मुळात तडजोडीचा आहे?

क्षारसूत्र

गाठींचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटल्याशिवाय तुमच्या वाहकतेच्या आकड्यावर विश्वास ठेवता येणार नाही.

तुम्ही स्पीक आम्लरूपात वापरत आहात. त्याचा सल्फॉनिक गट तीव्र आम्लाचा आहे आणि पीबीआयमधील इमिडाझोल वलयाचा एक नायट्रोजन प्रोटॉन स्वीकारण्यास तयार बसलेला आहे. दोघे भेटताच प्रोटॉन इकडून तिकडे जातो, एका साखळीवर ऋण आणि दुसरीवर धन प्रभार येतो आणि लांबच लांब साखळ्या शेकडो ठिकाणी एकमेकींना चिकटून द्रावणाबाहेर पडतात. ही क्रिया ढवळण्याच्या वेगापेक्षा कितीतरी जलद होते, त्यामुळे जोराने ढवळून काही साधत नाही. विरल द्रावणांनी तुम्ही तिला केवळ लहान गाठींपुरते मर्यादित केले असण्याची शक्यता आहे. पटल प्रकाशासमोर धरून पाहा. किंचित दुधाळ दिसत असेल, तर गाठी आतच आहेत.

यावरचा उपाय जुना आणि खात्रीचा आहे. आम्ल-क्षार मिश्र पटलांवर जर्मनीत योखेन केरेस यांच्या गटाने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जे विस्तृत काम केले, त्यातही हीच युक्ती दिसते. मिसळण्यापूर्वी स्पीकचे क्षारलवणात रूपांतर करावे. सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन करून सोडियमरूप वापरता येते, किंवा द्रावणातच मोजून ट्रायइथाइल अमाइन घालता येते. मला दुसरा मार्ग सोपा वाटतो आणि तो का चालतो हेही सांगण्यासारखे आहे. प्रोटॉन धरलेल्या क्षाराचा (संयुग्मी आम्लाचा) पीकेए हा आकडा जितका मोठा, तितका तो क्षार प्रोटॉन घट्ट धरतो. ट्रायइथाइल अमाइनच्या संयुग्मी आम्लाचा पीकेए सुमारे १०.७ आहे, तर बेंझिमिडाझोलच्या बाबतीत तो ५.५च्या आसपास आहे. म्हणजे अमाइन हा कितीतरी प्रबळ क्षार आहे. त्याने एकदा प्रोटॉन धरला की पीबीआय तो हिसकावून घेऊ शकत नाही आणि दोन्ही पॉलिमर एकाच द्रावणात गुण्यागोविंदाने राहतात. मग द्रावण काचेवर ओतावे, सावकाश वाळवावे आणि पटल सुटल्यावर ते १ मोलर सल्फ्युरिक आम्लात ६० ते ८० अंशांना दिवसभर ठेवावे. तेव्हा कुठे अमाइन बाहेर जाते, सल्फॉनिक गट आम्लरूपात येतात आणि आम्ल-क्षार बंध जागच्या जागी, आधीच नीट मिसळलेल्या साखळ्यांमध्ये तयार होतात. गाठ बांधायची ती दोरे विणून झाल्यावर, आधी नव्हे.

पीबीआय मात्र विरघळवताना घाई करू नये. उष्णता लागते, आणि द्रावण साठवल्यावर पुन्हा जेलसारखे होऊ नये म्हणून थोडे लिथियम क्लोराइड घालण्याची रीत आहे. ते नंतर पाण्याने पूर्ण धुवून काढावे लागते. सल्फ्युरिक आम्लही तसेच धुवावे, कारण पीबीआय मुक्त आम्ल शोषून धरतो आणि ते उरले तर वाहकता खोटीच जास्त दिसते.

काचभांडे

क्षारसूत्र यांच्याशी पूर्ण सहमत आहे. केवळ द्रावकाबद्दल एक भर घालते. डायमिथाइल फॉर्मामाइड वापरण्याचा मोह टाळावा. आम्लाच्या सान्निध्यात गरम केल्यावर त्याचे अंशतः विघटन होऊन डायमिथाइल अमाइन तयार होते आणि ते सल्फॉनिक गटांना चिकटून बसते. पटल दिसायला निर्दोष असते आणि वाहकता मात्र कोणतेही कारण न सापडता कमी येते. मी यात काही महिने घालवले आहेत, म्हणून सांगते.

विद्युतघट

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे दहा टक्क्यांनी एवढी घसरण का, याचे उत्तर कागद-पेन्सिलीने मिळते. वजनाचे टक्के विसरून आम्लगट आणि क्षारगट किती आहेत ते मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे गटांच्या मिलिमोलमध्ये, मोजावे.

पीकच्या एका पुनरावर्ती घटकाचे वजन सुमारे २८८ ग्रॅम प्रति मोल आहे आणि प्रत्येक सल्फॉनिक गटाने त्यात ८० ची भर पडते. सल्फोनेशन ६० टक्के असेल तर एका ग्रॅममध्ये ६०० भागिले ३३६, म्हणजे सुमारे १.७८ मिलिइक्विव्हॅलंट आम्ल असते. आता पीबीआय पाहा. त्याच्या घटकाचे वजन ३०८ आहे आणि त्यात प्रोटॉन घेऊ शकणारे दोन नायट्रोजन आहेत, म्हणजे एका ग्रॅममध्ये जवळजवळ ६.५ मिलिइक्विव्हॅलंट क्षार. वजनाला हलका दिसणारा हा घटक क्षारतेच्या हिशेबात स्पीकच्या साडेतीन पटींहून भारी आहे.

तुमच्या पटलाच्या एका ग्रॅममध्ये ०.९ ग्रॅम स्पीक आहे, त्याचे आम्ल १.६१. उरलेल्या ०.१ ग्रॅम पीबीआयचा क्षार ०.६५. प्रत्येक नायट्रोजनाने एक सल्फॉनिक गट गिळला असे धरले, तर मोकळे आम्ल उरते फक्त ०.९६. आपण दहा टक्के मिसळले असे म्हणता, पण प्रत्यक्षात चाळीस टक्के आम्ल खर्ची घातले आहे. पीबीआय १५ टक्के केले असते तर मोकळे आम्ल ०.५४ वर आले असते आणि मग पटल जवळपास विद्युतरोधक झाले असते.

यावर कोणी म्हणेल की नॅफिऑनचे समतुल्य वजन (एक मोल आम्लगटामागे पॉलिमरचे ग्रॅम) ११०० आहे, म्हणजे त्यातही ग्रॅममागे ०.९१ मिलिइक्विव्हॅलंटच आम्ल असते, आणि तरी ते पूर्ण ओले असताना ८० अंशांना सेंटिमीटरला ०.१ सीमेन्सच्या घरात वाहकता देते. आकडा खरा आहे, तुलना मात्र फसवी आहे. नॅफिऑनचा कणा टेफ्लॉनसारखा कमालीचा जलविरोधी आहे आणि सल्फॉनिक गट लवचीक बाजूसाखळीच्या टोकाला बसलेले आहेत. त्यामुळे पाणी आणि पॉलिमर स्पष्टपणे वेगळे होतात आणि पाण्याचे रुंद, एकमेकांना जोडलेले मार्ग तयार होतात. स्पीकमध्ये गट थेट ताठ सुगंधी कण्यावर आहेत, त्याची आम्लताही तेवढी तीव्र नाही. क्लाउस-डीटर क्रॉयर यांनी २००१ मध्ये या दोन पटलांची जी तुलना मांडली, तिच्यानुसार स्पीकमधील पाण्याच्या वाटा अधिक अरुंद, अधिक फाटे फुटलेल्या आणि पुष्कळशा पुढे बंद होणाऱ्या आहेत. अशा जाळ्यात आम्ल थोडे कमी झाले तरी पाणी घटते आणि वाटा तुटत जातात, म्हणून वाहकता आम्लाच्या प्रमाणात नव्हे, तर त्याहून झपाट्याने खाली येते.

आता उपयोगाची गोष्ट. मिश्रण करायचेच असेल तर ६० टक्के सल्फोनेशनच्या स्पीकपासून सुरुवात करणे हीच चूक आहे. सल्फोनेशन ८० टक्क्यांपर्यंत न्या. असे स्पीक एकट्याने गरम पाण्यात टिकणार नाही, पण त्याला एकटे राहायचेच नाही. त्याची आयन विनिमय क्षमता, म्हणजे ग्रॅममागचे आम्ल, २.२७ मिलिइक्विव्हॅलंट आहे. त्यात ५ टक्के पीबीआय घातले तर ०.९५ गुणिले २.२७ म्हणजे २.१६, त्यातून ०.३२ वजा करता मोकळे आम्ल १.८३ उरते. तुमच्या नुसत्या स्पीकच्या १.७८ पेक्षा हे किंचित जास्तच आहे, आणि शिवाय ग्रॅममागे ०.३२ मिलिइक्विव्हॅलंट आडबंध, म्हणजे साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे आम्ल-क्षार बंध, पदरात पडतात. मिश्रणाचा फायदा हवा असेल तर त्याची किंमत आधीच जास्तीच्या सल्फोनेशनने भरून ठेवावी लागते.

पटलार्थी

दोघांचे आणि काचभांडे यांचे मनापासून आभार. पटल खरोखरच दुधाळ होते. मी त्याकडे द्रावक उरला असेल म्हणून दुर्लक्ष केले होते. विद्युतघट यांनी काढलेला आकडा वाचून मी वहीतले अनुमापन पुन्हा पाहिले: मिश्र पटलाची आयन विनिमय क्षमता १.१ च्या आसपास आली होती, आणि मी ती प्रयोगातील त्रुटी समजून बाजूला ठेवली होती.

एक गोष्ट अजून सांगायला हवी. वाहकता मी चार टोकांच्या पद्धतीने, पटलाच्या सपाटीच्या दिशेने मोजते. जाडी आणि रुंदी पटल पाण्यात टाकण्यापूर्वी मोजलेली होती. यामुळे काही फरक पडतो का?

विद्युतघट

पडतो, आणि तो तुमच्या दोन्ही पटलांवर सारखा पडत नाही, हीच मेख आहे.

या पद्धतीत वाहकता म्हणजे आतील दोन टोकांमधील अंतर भागिले रोध, रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार. टोकांमधील अंतर उपकरणाने ठरते, ते बदलत नाही. पण फुगलेल्या पटलाची रुंदी आणि जाडी दोन्ही वाढलेली असतात, आणि छेदात तुम्ही कोरडी, म्हणजे खऱ्यापेक्षा लहान मापे घालत आहात. परिणामी वाहकता फुगवून दिसते. नुसते स्पीक पुष्कळ फुगते, म्हणून त्याचा आकडा पुष्कळ फुगला. मिश्र पटल जवळजवळ फुगत नाही, म्हणून त्याचा आकडा बराचसा खरा आला. उदाहरणादाखल, दोन्ही मापे २५ टक्क्यांनी वाढली असतील तर नुसत्या स्पीकची वाहकता दीडपटीहून अधिक दाखवली गेली असेल. ‘तिसऱ्या हिश्शावर’ आलेल्या घसरणीतील काही वाटा रसायनाचा नसून फूटपट्टीचा आहे. ओली मापे घेऊन दोन्ही आकडे पुन्हा काढावेत.

जुनाणू

चर्चा चांगली चालली आहे, पण सगळ्यांचा रोख वाहकतेवर आहे, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो.

‘ब्लेंड’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. दोन लांब साखळ्यांचे पॉलिमर स्वभावतः मिसळत नाहीत. लहान रेणूंच्या बाबतीत मिसळण्याने अव्यवस्था वाढते आणि ती एकरूपतेला मदत करते; साखळी जितकी लांब, तितकी ही मदत नगण्य होत जाते, हे फ्लोरी आणि हगिन्स या रसायनशास्त्रज्ञांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवले. म्हणून दोघांमध्ये हायड्रोजन बंध किंवा आम्ल-क्षार आकर्षण असे काही निश्चित कारण असल्याशिवाय मिश्रण टिकत नाही. स्पीक-पीबीआय जोडीत ते कारण आहे. स्पीकमध्ये पीव्हीडीएफ (पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड) हे पॉलिमर मिसळणारे अनेक जण आहेत. तिथे असे कारण नाही. पीव्हीडीएफ जलविरोधी असल्याने फुगणे आणि मिथेनॉलची गळती दोन्ही कमी होतात, परंतु ते स्वतः प्रोटॉन नेत नाही आणि अंशतः स्फटिकरूप होऊन वेगळे बेट करून बसते. अशा मिश्रणात सल्फोनेटेड भाग अखंड जोडलेला राहिला तरच वाहकता राहते; तो बेटांमध्ये विभागला गेला की संपले. मिथेनॉलवर चालणाऱ्या घटात वाहकता आणि मिथेनॉल पारगम्यता यांचे गुणोत्तर महत्त्वाचे असल्यामुळे हा सौदा कधी कधी परवडतो. तुमचा घट हायड्रोजनचा आहे. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका, असे माझे मत आहे.

मिश्रण एकरूप आहे की नाही हे पाहायला काच-संक्रमण तापमान, म्हणजे काचेसारखे ताठ पॉलिमर ज्या तापमानाला मऊ होते ते, मोजण्याचा सल्ला पुस्तकांत असतो: एकच संक्रमण दिसले तर एकरूप, दोन दिसली तर वेगळे. या जोडीसाठी ती कसोटी जवळजवळ निरुपयोगी आहे. पीबीआयचे संक्रमण ४०० अंशांच्याही पुढे आहे आणि सल्फॉनिक गट त्याच्या कितीतरी आधी गळून पडतात. त्या तापमानाला आपण ज्याचे मोजमाप घेतो ते आपले पटल राहिलेलेच नसते. त्यापेक्षा पारदर्शकता, सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेला काठ, आणि ८० अंशांच्या पाण्यात काही दिवस ठेवून वजनात होणारी घट, या साध्या गोष्टी अधिक सांगून जातात.

दुसरा मुद्दा टिकाऊपणाचा. १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी अवकाशयानांत वापरलेल्या घटांतही हायड्रोकार्बन जातीचीच, सल्फोनेटेड पॉलिस्टायरीनची पटले होती. ऑक्सिडीकरणाने त्यांचा ऱ्हास होत असे आणि नॅफिऑनने त्यांची जागा घेण्याचे ते एक प्रमुख कारण ठरले. आज फ्लोरीनयुक्त पदार्थांवर निर्बंध आणण्याचा प्रस्ताव युरोपात २०२३ पासून विचाराधीन आहे, त्यामुळे हायड्रोकार्बन पटलांना पुन्हा महत्त्व आले आहे. पण त्यांची जुनी खोड गेलेली नाही. ऋणाग्राजवळ तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोहासारख्या धातूंच्या लेशमात्र अंशामुळे त्यातून सुटणारे हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील रेणुखंड) सुगंधी कण्यावर हल्ला करतात. म्हणून फेंटन चाचणी, म्हणजे लोह-आयनांचे काही पीपीएम (दशलक्षांश भाग) असलेले सौम्य पेरॉक्साइड द्रावण ८० अंशांना ठेवून पटल कधी तुटते ते पाहणे, टाळू नका. आम्ल-क्षार आडबंध इथे थोडी मदत करतात, कारण कमी फुगलेल्या पटलात मूलक कमी शिरतात. परंतु ते बंध सहसंयुज नाहीत. क्षार दुर्बळ असेल तर गरम पाण्यात ते सुटू लागतात. पीबीआयच्या बाबतीत ते बरेच घट्ट आहेत, एवढेच म्हणता येईल. वारंवार ओले आणि कोरडे होण्याच्या आवर्तनांत पटल प्रत्यक्षात कुठे फाटते, तर चौकटीच्या काठाशी, जिथे ते दाबून धरलेले असते. ताणाची चाचणी कोरड्या तुकड्यावर करून समाधान मानू नये.

क्षारसूत्र

जुनाणू यांचा सूर विरोधी वाटला नाही, आवश्यक वाटला. आणखी एक गल्लत टाळण्यासाठी लिहितो, कारण पीबीआय म्हटले की बहुतेकांच्या मनात दुसरेच पटल येते. फॉस्फरिक आम्लात भिजवलेले पीबीआय, जे १९९५ मध्ये केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील गटाने पुढे आणले, ते १२० ते १८० अंशांवर, बाहेरून ओलावा न देता चालते. तिथे प्रोटॉन पाण्यातून नव्हे, फॉस्फरिक आम्लाच्या जाळ्यातून उड्या मारत जातो. त्या तापमानाला प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड घट्ट बसत नाही, त्यामुळे ८० अंशांना काही दहा पीपीएमने आजारी पडणारा उत्प्रेरक तिथे टक्क्याच्या घरातील मोनॉक्साइडही सोसतो. त्या पटलांतही मिश्रणे होतात, पण भूमिका उलट्या असतात: पीबीआय बहुसंख्य, आणि सल्फोनेटेड पॉलिमर थोडा, केवळ आम्लाने ढिल्या झालेल्या साखळ्या बांधून ठेवण्यासाठी. दोन्ही प्रकारच्या लेखांतील आकडे एकाच कोष्टकात मांडलेले मी पाहिले आहेत, आणि त्या तुलनेला काही अर्थ नसतो.

पटलार्थी

ओली मापे घेऊन आकडे पुन्हा काढले. नुसत्या स्पीकची वाहकता बरीच खाली आली आणि मिश्र पटल आता तिसऱ्या हिश्शावर नाही, निम्म्याच्या जवळ आहे. पुढच्या आठवड्यात ८० टक्के सल्फोनेशनचे स्पीक ट्रायइथाइल अमाइनने उदासीन करून ५ टक्के पीबीआयसह पटल ओतणार आहे.

शेवटची शंका: विद्युतघट यांच्या हिशेबाने मोकळे आम्ल ०.९६ यायला हवे होते, मला १.१ मिळाले. काही नायट्रोजन गाठींच्या आत अडकून बिनकामी राहिले, असे समजू का?

काचभांडे

तसे असू शकते, पण आधी सूचक कोणता वापरला ते सांगा. फिनॉल्फ्थॅलिन असेल, तर उत्तर बहुधा तिथेच आहे. पटल मिठाच्या द्रावणात ठेवल्यावर मोकळ्या सल्फॉनिक गटांचे प्रोटॉन बाहेर येतात. आडबंधातले प्रोटॉन नायट्रोजनाला धरून राहतात. फिनॉल्फ्थॅलिनचा रंग ८ च्या वर गेल्याशिवाय बदलत नाही, आणि तोपर्यंत बेंझिमिडाझोलचा प्रोटॉनही सुटू लागलेला असतो, कारण त्याचा पीकेए ५.५ आहे. पटल द्रावणातच ठेवून अनुमापन केले असेल तर त्यातले काही प्रोटॉन तुम्ही मोकळे म्हणून मोजलेत. ब्रोमोथायमॉल ब्लू किंवा पीएच-मीटर वापरून ७ वर थांबा. ती झाली मोकळ्या आम्लाची क्षमता. मग त्याच चंबूत मोजून जास्तीचे सोडियम हायड्रॉक्साइड घाला, काही तास ठेवा आणि आम्लाने उलट अनुमापन करा. ती झाली एकूण क्षमता. दोहोंतील फरक म्हणजे प्रत्यक्षात तयार झालेले आडबंध. नव्या पटलासाठी तो ०.३२ च्या आसपास आला, तर सगळे पीबीआय कामाला लागले आहे. बराच कमी आला, तर अमाइन कमी पडले किंवा गाठी राहिल्या, असे समजून द्रावण पुन्हा तपासा.

पटलार्थी

फिनॉल्फ्थॅलिनच होते, आणि पटलही चंबूतच होते. उद्या पुन्हा करते.